रा. रा. चुकलेला टाका यांस

मुक्काम : चंद्रकळेचा पदर, डावीकडून तिसरं गोपूर.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपला-आमचा परिचय फार जुना. तरी पत्र लिहिण्याचा योग आजवर आला नाही, कारण आपली भेट झाली की हातात कात्री असते. आज ती पेटीत ठेवून लिहायला बसले आहे. इकडील सर्व कुशल. थंडी बऱ्यापैकी पडली आहे. आमच्या भरतकामाच्या वर्गात पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं छान ऊन येतं आणि संक्रांत तोंडावर आल्यामुळे तिघी-चौघींच्या मांडीवर सध्या काळं कापड आहे. त्यांपैकी एका कापडावर आपण उतरला आहात.

त्या बाई सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी चंद्रकळेच्या पदरावर कसुती भरताहेत. धारवाड-हुबळीकडचं हे भरतकाम. आपल्याकडे ते इरकलीच्या पदरावरून आलं आणि घरोघरच्या ट्रंकांमध्ये राहिलं. गोपुरं, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर असं सगळं त्यात भरतात, पण कापडावर आधी काहीही काढून घेत नाहीत. पेन्सिल नाही, कार्बन नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई चालवायची. गवंतीच्या टाक्यात जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं. येताना सोडलेली घरं भरायची. दोन्ही फेऱ्या झाल्या की रेघ अखंड होते आणि कापड उलटं केलं तरी तीच रेघ तशीच दिसते. मुरगीची चाल तीच, फक्त पायऱ्यापायऱ्यांची. गाठ कुठेही मारायची नाही. दोरा टाक्यांखाली दडवून सुरू करायचा आणि तसाच दडवून संपवायचा. थोडक्यात, इतर भरतकामात तुम्ही मागच्या बाजूला गुंता करून पुढे साळसूदपणे बसता, तशी सोय कसुतीत तुम्हाला नाही.

आणि तरीही तुम्ही आलात. जाताना कुठेतरी तीन धाग्यांच्या जागी चार घेतले गेले. गोपुराचे मजले चढले, कळस झाला, परतीची फेरी निम्मी झाली, आणि मग सुई जिथे पोचायला हवी होती त्याच्या एक धागा अलीकडे येऊन अडली. बाईंनी पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मग त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी कापडावर तळहात ठेवला. शेजारी बसलेल्या बाईला दिसू नये म्हणून.

नोकरीतून निवृत्त झालेल्या, हाताखाली माणसं वागवलेल्या, लग्नाकार्यांचे हिशेब एकहाती सांभाळलेल्या ह्या बाई. आणि एका टाक्यासाठी तळहात. मी हे पत्र त्या तळहातामुळे लिहिते आहे.

तुम्ही येता ह्याचा मला राग नाही. येऊन गप्प बसता, त्याचा येतो. पहिल्या फेरीत तुमच्या दोन्ही बाजूंना मोकळी घरं असतात, त्यामुळे कोण लांब आणि कोण आखूड ते डोळ्याला कळत नाही. तेव्हाच बोलला असतात तर एका टाक्याचं काम होतं. तुम्ही बोलत नाही. पुढचा टाका तुम्हाला धरून पडतो, त्याच्या पुढचा त्याला धरून. त्या बिचाऱ्यांनी काहीच चुकवलेलं नसतं. प्रत्येकाने आपापले तीन धागे इमानाने मोजलेले असतात. उसवायची वेळ आली की मात्र तुमच्याबरोबर तेही जातात. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण नीट पडलेले टाके तुमच्यापायी कापताना मला आजही वाईट वाटतं.

तुमची भावंडंही आम्हाला चांगली ठाऊक आहेत. दोरा जास्त ओढला गेला की कापडाला चुणी पडते, ती रिंग काढल्यावरच दिसते. पानाच्या टोकाशी भरीव टाका आकाराबाहेर जातो. पांढऱ्या मलमलीवर मागच्या बाजूने एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडी घेतलेला लाल दोरा पुढून झिरपल्यासारखा दिसतो. रात्री ट्यूबलाइटखाली तपकिरी म्हणून निवडलेली लडी सकाळी मरून रंगाची निघते. आणि स्वतःच्या ओढणीसकट फूल भरून ठेवण्याचा प्रकार तर आमच्याकडे वरचेवर होतो. बाई उठायला जातात, रिंग बरोबर उठते, आणि सगळा वर्ग हातातलं टाकून ओढणी सोडवायला धावतो. त्या दिवशी चहा जास्त वेळ चालतो. त्या भावंडाला माझा आशीर्वाद कळवा.

फुलकारी भरणाऱ्या बायकांचं मला फार कौतुक वाटतं, तेही तुमच्यामुळेच. जाड्याभरड्या खादीवर, धागे मोजून, रेशमाने, आणि तेही कापडाच्या उलट्या बाजूने त्या भरतात. चेहरा पलीकडे, हात अलीकडे. कापड पालटेपर्यंत तुम्ही त्यांना दिसतही नाही. एवढं असूनही त्यांनी पदरच्या पदर सोन्याच्या रंगाने भरून काढले.

तळहाताकडे परत येते. मी काही विचारलं नव्हतं. चहाच्या वेळी त्या बाईंनी आपणहून सांगितलं. त्या शाळेत असताना मुलींना शिवणाचा तास असे. एकाच कापडाच्या तुकड्यावर ओळीने धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काजं, मग साखळी, मग गाठीचा टाका असा नमुना पुरा करायचा आणि वहीत चिकटवायचा. त्यांची साखळी मध्येच एका ठिकाणी रुंद झाली होती. शिकवणाऱ्या बाईंनी नमुना वर्गासमोर उंच धरला, उलटा करून दाखवला, आणि ब्लेडने ओळ सरळ चिरली. ब्लेड कापडालाही लागलं. मुलगी हसली नाही, रडली नाही; तिने नमुना वहीत चिकटवला आणि परीक्षेपुरता तो विषय संपवला. सुई पुन्हा हातात घ्यायला निवृत्तीचं वय उजाडावं लागलं. शाळा कोणती ते मी विचारलं नाही. अशा शाळा एका गावात नव्हत्या.

वर्गात नवीन बाई आली की मी पहिल्यांदा तिचं कापड उलटं करून मागते. किती जणी क्षणभर ते देत नाहीत! “मागून बघू नका हो,” हे वाक्य मला इतक्या तोंडांतून ऐकायला मिळालं आहे की ते कुठून येतं ते आता वेगळं सांगावं लागत नाही. ह्यात तुमचा दोष किती आणि माणसांचा किती, हे मी पुष्कळदा मनाशी तोलून पाहिलं आहे. तुमचा एक धागा. बाकीचं सगळं, चुकलं की ते चारचौघांत दाखवायचं असतं असं मानणाऱ्या मोठ्या माणसांचं.

माझं नशीब ह्या बाबतीत चांगलं. मला शिकवलं बेळगावच्या मावशीने. तिच्याकडे उसवणं हा त्या दिवसाचा मानाचा कार्यक्रम असे. ते ती संध्याकाळी कधीच करायची नाही. चूक दिवेलागणीला सापडली तर सुई टोचून ठेवायची, कापडाची घडी करायची, आणि स्वयंपाकाला लागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपली की हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून, ती खिडकीशी बसायची. कापड काळं किंवा गडद निळं असलं तर मांडीवर आधी काकांचं धुतलेलं पांढरं धोतर पसरायची. काळ्या कापडाखाली पांढरं असलं की धाग्यांमधली भोकं दिसतात आणि मोजणी चुकत नाही. हे मी आजही वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. मग मला शेजारी बसवून विचारायची, “बघू, कुठे वाट चुकली?” एवढंच. कोण चुकलं हे तिच्या प्रश्नात कधी नसे. आम्ही दोघी मिळून वाट शोधत मागे मागे जायचो, आणि जिथे चार धागे सापडत तिथे ती नखाने खूण करायची. तुम्ही सापडलात की तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो कळस पुरा झाल्यावरही दिसत नसे. कापलेले दोरे ती फेकायची नाही. बिस्किटांच्या डब्यात साठवायची आणि पुरेसे झाले की सुया टोचायची उशी भरायची.

तिची रीत इथे सविस्तर लिहिते. आपल्याला ती अंगावर अनुभवून ठाऊक आहे, पण पत्र उघडं आहे आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी मांडीवर आत्ता आपण असाल.

सुई ज्या भोकातून आली त्याच भोकातून परत घालून टाका काढायला जायचं नाही. नवख्या बायका हमखास तेच करतात, कारण ते सर्वांत साधं वाटतं. सुईचं टोक दोऱ्याच्या पदरांमधून घुसतं, पदर चिरतात, आणि एका टाक्याचं काम गुंत्यावर जातं. चूक ताजी असेल, दोन-चार टाक्यांची असेल, तर सुईतून दोरा काढून घ्यावा, सुई उलटी धरावी आणि नेढ्याच्या बोथट बाजूने एकेक टाका हलकेच उचलून सोडवावा. त्याहून जास्त टाके असतील तर दोऱ्याचा लोभ सोडावा. एक लडी आठ मीटरची, सहा पदरी; त्यातले दोन पदर हातभर गेले तर काय बिघडतं? कापडातून अनेकदा गेलेल्या दोऱ्याला तसेही तंतू सुटतात, त्याची चकाकी उतरते, आणि नवा दोरा शेजारी आला की उन्हात फरक कळतो. उसवलेला दोरा पुन्हा भरायला घ्यायचा नाही, हा मावशीचा नियम होता. मी तो एकदाही मोडू देत नाही.

कापायचं ते उलट्या बाजूने, कापड रिंगेत ताणलेलं असताना. लहान टोकदार कात्रीचं एक पातं टाक्याखाली सरकवायचं, कापड पात्याला चिकटलेलं नाही ना हे बघायचं, मग कापायचं. दर दोन-तीन टाक्यांनी एक काप. भरीव टाका असेल तर मधोमध, कडेला नाही. मग कापड पालटायचं आणि भुवयांच्या चिमट्याने पुढच्या बाजूने तुकडे उचलायचे. लांब टोक धरून ओढायचं नाही. ओढलं की कापडाचा धागा त्याच्याबरोबर सरकतो आणि ती जागा कायमची विरळ होते. गाठीचा टाका मात्र सोडवण्याच्या नादी लागू नये. सुई घातली की तो आणखी घट्ट होतो. तो कापायचा, आणि मागच्या दोऱ्याची टोकं शेजारच्या गाठी सुटू नयेत म्हणून टाक्यांखाली ओवून टाकायची. यंत्राची शिवण उसवायला दुटोकी हत्यार मिळतं, ते हाताच्या भरतकामाला लावू नये. ते दोरा आणि कापड ह्यांत भेद करत नाही.

सगळं निघालं की कापडावर बारीक लव उरते, विशेषतः पांढऱ्यावर लालाची. चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून ती टिपून घ्यावी. मग राहिली भोकं. सुती कापड असेल तर नखाच्या पाठीने आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या धाग्याच्या दिशेने हलकेच चोळावं, किंचित पाण्याचा हात लावावा आणि जाड टॉवेलवर उलटं ठेवून इस्त्री फिरवावी. सरकलेले धागे जागेवर येतात. रेशमावर पाणी लावायचं नाही, डाग पडतो; तिथे नुसता सुईच्या टोकाने एकेक धागा जागी ढकलावा. साटीन आणि मखमल तुमची खूण सहसा विसरत नाहीत. म्हणून त्या कापडांवर भरण्याआधी त्याच कापडाच्या कातरणीवर हात चालवून बघावा.

हसतमुखाने उसवावं असं सगळेच सांगतात. मावशीचा चेहरा आठवला की मला वाटतं, तिचं हसू ह्या रीतीतून येत असे. कापड पूर्ववत होणार आहे हे तिला ठाऊक होतं. ज्या बाईला आपल्या हाताने कापड फाटेल अशी धास्ती आहे तिला हसा म्हणून काय उपयोग? तिला आधी कात्री कशी धरायची ते दाखवायला हवं, उजेडात बसवायला हवं, आणि कुणीतरी शेजारी बसायला हवं. आमच्या वर्गात एकटीने उसवायचं नाही, असा दंडक आहे. एक जण उसवते, दुसरी चिमट्याने दोरे उचलते, आणि तोंडं मोकळीच असल्यामुळे गप्पा होतात. त्या गप्पांत सासरमाहेर निघतं, लोणच्याचं प्रमाण निघतं, दुखणीखुपणी निघतात. एरवी मान खाली घालून तास काढणाऱ्या बायका उसवताना बोलत्या होतात. ह्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

आभार आणखीही आहेत. नीट पडलेला टाका स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. तो कसा घातला, दोरा कुठून आला, कुठे वळला, हे उसवल्याशिवाय समजत नाही. जुन्या इरकलीच्या पदरावरची रथाची नक्षी आम्ही एकदा टाका टाका सोडवत वाचली. कोणत्या चाकापासून सुरुवात झाली, घोड्याकडे जाताना कुठली रेघ सोडली आणि येताना कुठली घेतली, असा सगळा प्रवास उलटा फिरत गेलो. पुस्तकातल्या आकृतीवरून तो कळला नसता.

आपलं आयुष्य किती लांब असू शकतं हेही सांगते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात १५९८ सालचा एक भरतकामाचा नमुना आहे. जेन बोस्टॉक हे नाव आणि साल त्यावर भरलेलं आहे. साल असलेल्या ब्रिटिश नमुन्यांत तो सर्वांत जुना समजला जातो. त्यावर प्राणी आहेत, अक्षरं आहेत, एका मुलीच्या जन्माची नोंद आहे. आणि काही आकृत्या भरून नंतर उसवल्याच्या खुणाही आहेत. त्यात पाठीवर किल्ला घेतलेला एक हत्ती आहे. हत्ती गेला, सव्वाचारशे वर्षांनीही भोकं आहेत. नाव आणि साल घालण्याइतक्या मानाच्या त्या कामात उसवणं होतं आणि ते कुणी तळहाताखाली झाकलं नाही. आमच्या बाईंना मी त्याचं छायाचित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून हत्ती शोधला, सापडेपर्यंत फोन परत दिला नाही.

आता एक गोष्ट जरा कठोरपणे बोलते. तुम्हाला वाचवायला हल्ली फार लोक पुढे येतात. राहू दे, हाताचं काम आहे, चूक असायचीच, तीच त्यातली गंमत, असं म्हणतात. कुणी पंजाबातल्या नजरबुट्टीचा दाखला देतं. तिथे ‘बाग’ म्हणतात त्या गच्च भरलेल्या फुलकारीत एखादी जागा मुद्दाम वेगळ्या रंगाने भरतात, नजर लागू नये म्हणून. त्या बुट्टीचा मला आदर आहे. पण ती भरणाऱ्या हाताने निवडलेली असते, तिची जागा ठरवलेली असते, तिचा रंग ठरवलेला असतो. तुम्ही ठरवून आलेले नाही. तिचा मान तुम्ही घेऊ नये. हाताचं काम चुकीवरून ओळखता येतं असं म्हणणं हा त्या हाताचा अपमान आहे. चांगल्या कसुतीवर नजर टाका. ती हाताची आहे हे कळायला एकही धागा चुकावा लागत नाही.

अर्थात प्रत्येक ठिकाणी तुम्हाला काढलंच पाहिजे असंही मी म्हणत नाही. वेलीवरचं एक पान थोडं तिरकं गेलं तर त्याच्या शेजारी एक कोंब फुटू द्यावा, वेलीला चालतं. बाळाच्या दुपट्यावरचं बदक थोडं गुबगुबीत झालं तर बाळाची तक्रार येत नाही. कापड जुनं, विरलेलं असेल तर उसवण्याचा ताण त्याला सोसणार नाही, तिथे हात लावू नये. मी पाहते ते इतकंच की पुढचा टाका तुमच्यावर अवलंबून आहे का. असेल तर थांबायचं आणि मागे जायचं. कसुतीत तो नेहमीच असतो, म्हणून तिसरं गोपूर पायापर्यंत उसवायचं ठरलं. दोघींनी मिळून दोन सकाळी ते काम केलं. बाईंनी पदराच्या त्या भागावरची जाळी अजून काढलेली नव्हती हे नशीब. बारीक सुताच्या साडीवर धागे मोजता येत नाहीत म्हणून वर जाळीचं कापड टाचून घेतात, त्याची घरं मोजून भरतात आणि शेवटी जाळीचा धागा न्‌ धागा ओढून काढतात. ती निघून गेल्यावर तुम्ही सापडला असतात तर मोजायला काही उरलं नसतं. आता नव्या दोऱ्याने पहिला मजला उभा राहिला आहे, चारही बाजूंनी मोजून.

पत्र लांबलं, पण एक गाऱ्हाणं राहिलंय आणि ते सर्वांत जड आहे. आम्ही हौसेने भरणाऱ्या बायका आहोत. आमच्या दोन सकाळी गेल्या तर चहाचे दोन कप जास्त होतात. पण ब्लाउजवर आरीचं काम करणारे कारागीर अड्ड्याच्या चौकटीवर ताणलेल्या कापडापाशी दिवसभर बसतात, लखनौच्या घराघरांत बायका चिकन भरतात, त्यांना पैसे नगावर मिळतात. उसवण्याच्या तासांचे कुणी मोजत नाही. चिकनवरचा निळा छाप तर काम झाल्यावर धुतल्यानंतरच निघतो. तोवर तुम्ही त्या निळाईखाली बसून राहता. आरीची साखळी आकड्याने ओढलेली असते, शेवटचा फास मोकळा झाला की ओळच्या ओळ सर्रकन निघून येते. उसवायला सोपी म्हणून मला ती आवडते. पण अड्ड्यावरच्या माणसाची दिवसाची मजुरी त्या एका फासात अडकलेली असते. तिथे हसतमुखाने उसवा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. सांगायचंच असेल तर ते ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या आम्हा बायकांना सांगावं : चार दिवसांची मुदत देऊन रात्रीच्या दिव्याखाली काम करायला लावू नका, आणि दर ठरवताना उसवण्याचा वेळ धरा. लग्नाच्या पत्रिका छापून आल्यावर ब्लाउजचं कापड घेऊन धावत जाण्याची आपल्याकडची पद्धत मला मुळीच पसंत नाही.

तेव्हा विनंती अशी, की अड्ड्यावर जायचा विचार मनात आला तर कृपया इकडे यावं. आमच्याकडे उजेड आहे, चिमटा आहे, शेजारी बसणारं माणूस आहे. येणार असाल तर पहिल्याच फेरीत दिसावं, दिवसाउजेडी यावं, आणि शक्यतो सुती कापडावर यावं.

दुसरी विनंती मे महिन्याची. सुट्टीत वर्गाला आठ-दहा वर्षांच्या मुली येतात आणि अलीकडे काही मुलगेही येतात. पहिली साखळी घालताना त्यांची जीभ दातांत धरलेली असते. त्यांच्याकडे आपण जाणारच, ते मला थांबवता येणार नाही, आणि थांबवायची इच्छाही नाही. फक्त पहिल्या दिवशी जा, लवकर जा, आणि दोन-चार टाक्यांवर भागवा, म्हणजे सुई उलटी धरून नेढ्याने टाका कसा सोडवायचा ते त्यांना माझ्या देखत शिकता येईल. कापड उलटं करून मी मागेन तेव्हा त्यांनी ते पटकन पुढे करावं, एवढंच मला हवं आहे.

कळावे, लोभ आहेच.

आपली जुनी परिचित,
भरतकामाच्या वर्गाच्या बाई